बेलाखालची मुलगी

ती घटना मी विसरून जावी असं माझ्या बायकोला वाटतं, कारण त्यात तिचा नवरा पहिल्यापासून शेवटपर्यंत गाढव ठरतो. पण ती आठवतेच. भर दुपारी कुठे मुरमावर कुदळ आपटल्याचा आवाज आला, की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो.

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. सोलापूर जिल्ह्याच्या अगदी कडेला, दुधनीच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कर्नाटक इतकं जवळ, की फिर्यादी मराठीत रडायला सुरुवात करायचा आणि कानडीत संपवायचा. एके दिवशी अधीक्षक कार्यालयातून एक अर्ज चौकशीसाठी आला. अर्जदार होती परदेशातली एक संस्था. मुलींनी शिकावं, लहान वयात त्यांची लग्नं होऊ नयेत, म्हणून ती आमच्या हद्दीतल्या मुलींच्या एका वसतिगृहाला मदत करायची. तिकडची एकेक व्यक्ती इकडच्या एकेका मुलीचा खर्च उचलायची आणि मुलीने तिला वर्षातून दोन पत्रं लिहायची, अशी पद्धत.

त्यातल्या एका मुलीचा खर्च एक वयस्क, निवृत्त शिक्षिका करत होत्या. संस्थेची एक कार्यकर्ती त्यांची भेटवस्तू घेऊन, न कळवता, थेट त्या मुलीच्या गावी गेली. गावकऱ्यांनी तिला शेताच्या बांधावरची समाधी दाखवली. मुलगी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारली होती. तीन वर्षं झाली होती.

आणि पत्रं येतच होती. शेवटचं दोन महिन्यांपूर्वीचं.

अर्जासोबत पत्रं जोडली होती. अक्षर टपोरं, एकाच हाताचं. मी सकाळची हजेरी आटोपून वाचायला बसलो. ‘आजी, मला आता माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही. सवय झाली आहे.’ दुसऱ्यात होतं, ‘माझ्या डोक्यावर बेलाचं रोप लावलं आहे. चांगलं वाढलंय म्हणतात. मी अजून पाहिलेलं नाही.’ तिसऱ्यात, ‘आई दर सोमवारी तिथे पाणी घालते. त्या वेळी मी अभ्यासाला बसते.’

सोबत एक फोटो. गच्चीवर चार मुली उभ्या, चौघीही पाठमोऱ्या. मागे गिरणीचं एक जुनं धुराडं, त्याच्या टोकाला पिंपळ उगवलेला.

माझे हवालदार तिथलेच, दोन्ही भाषा बोलणारे. ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, “साहेब, ही आवक वहीत नोंदवायची, का अंगाऱ्याच्या पुडीत बांधायची?”

मी हसलो, पण पत्रं पालथी ठेवली.

निदान मात्र मी जागच्या जागी केलं. मुलगी मेली, मदत थांबू नये म्हणून वसतिगृहाच्या वॉर्डनबाई तिच्या नावाने पत्रं लिहितात. चौकशी सोपी, शाबासकी मोठी. निवृत्तीच्या भाषणात सांगायला एक किस्साही झाला.

गावात चौकशीला गेलेला पोलीस सगळ्यात आधी पोलीस पाटलाकडे जातो. मीही गेलो. हे पाटील म्हणजे मुलीच्या आईचे सख्खे भाऊ, मुलीचे मामा. चाळिशीचा, बायको वारलेला, अगत्यशील माणूस. चहा दिला, वर शेंगाचटणी-भाकरी दिली.

“लई गुणी पोर होती, साहेब,” ते म्हणाले. “माज्याच घरात यायची होती. सुपारी फुटली होती की.”

“तेव्हा वय काय होतं?”

“चौदा. पण लगीन काय लगीच करणार होतो व्हय?” असं म्हणून त्यांनी मला आणखी चटणी वाढली. मी ती खाल्ली. त्या वाक्यावर थांबायला हवं होतं, हे तेव्हा सुचलं नाही. चटणी चांगली होती.

पाटलांनीच समाधी दाखवली. आजूबाजूला ज्वारी, मधे छातीएवढा वाढलेला बेल, आणि त्याच्या बुंध्याशी मुलीची आई बसलेली. विधवा बाई. मी विचारलं, “मुलगी कशाने गेली?” तिने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग बेलाकडे. “तापानं,” म्हणाली. पाणी घालणं थांबवलं नाही. डोळ्यांत टिपूस नाही. पोर गेलेल्या खूप आया मी पाहिल्या आहेत. ती रडत नव्हती, ती राखण करत होती. हे मी डायरीत लिहिलंसुद्धा आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा लावला.

वॉर्डनबाईंचा जबाब घ्यायला महिला शिपाई घेऊन वसतिगृहात गेलो. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. चार तास मी माझे ठेवणीतले सगळे प्रश्न वापरले. उत्तर एकच.

“पत्रात एक शब्द खोटा न्हाय, साहेब.”

“मग मुलगी कुठे आहे?”

“ते सांगणार न्हाय.”

“मेलेल्या मुली पत्रं लिहितात?”

बाईंनी चष्मा पुसला. “तुमची जीप गावात कुणाच्या दारात हुबी होती?”

मला वाटलं, बाई विषय बदलतायत.

परतताना हवालदार म्हणाले, “साहेब, एक बोलू? आमच्या लिंगायतांत, म्हंजे या पोरीच्या बी घरात, माणसाला बसवून पुरत्यात. खड्डा पुरुषभर खोल लागतो. त्या बांधावर दोन फुटांवर मुरूम हाय. तितं बसवलं कसं?”

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंदही नव्हती. सोलापूरच्या कुठल्या दवाखान्यात ती दाखल झाल्याचा कागदही नव्हता. खोल खड्डा नाही, नोंद नाही, रडणं नाही. कुठल्याही शहाण्या माणसाला यातून काय कळेल? मला खून कळला. घाईघाईने पुरलेलं प्रेत, गप्प बसलेली आई, सामील असलेल्या वॉर्डनबाई. मी तहसीलदारांना पत्र देऊन समाधी उघडण्याची परवानगी मिळवली.

दिवस सोमवारचा निघाला. सकाळी अकराचं ऊन. तहसीलदार, सरकारी डॉक्टर, दोन मजूर, दोन पंच. एक पंच अर्थातच पोलीस पाटील. वॉर्डनबाईंना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. गाव लांब बांधावर उभं होतं. तीन वर्षांपूर्वीही ते असंच लांब उभं होतं, असं हवालदार कुजबुजले. गुंडाळलेलं ते गाठोडं सोलापूरहून आलेल्या भाड्याच्या जीपमधून उतरलं तेव्हा कोरोनाच्या भीतीने कोणी पन्नास पावलांच्या आत आलं नव्हतं. आई, वॉर्डनबाई आणि विधी करणारे एक म्हातारे जंगम, एवढ्यांनीच माती दिली होती. ते जंगमही आता हयात नव्हते.

बेल बाजूला काढला. वीतभर खणलं नाही तोच कुदळ वाजली आणि मजूर हात झटकून मागे सरला.

“बसलीय, साहेब.”

मांडी घालून बसलेली मुलगी होती ती. निळा-पांढरा गणवेश, कुजून मातीला चिकटलेला. बाह्यांतून मुळं शिरून बाहेर आलेली. दोन वेण्या, लाल फितींच्या. डॉक्टरांनी हातमोजा घालून खांद्याला हात लावला, तसा खांदा करकरला. आत कडबा होता. ज्वारीचा. डोक्याच्या जागी फडक्यात बांधलेला उलटा तांब्या.

“वेण्या खऱ्या आहेत,” डॉक्टर म्हणाले आणि दोन पावलं मागे गेले.

बांधावर एक बाई किंचाळली. आई मात्र खाली बसली आणि पदर तोंडात कोंबला. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

माझा पंचनामा अडला. प्रेत नाही, बाहुली आहे, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मी त्यात गुंतलो असताना पोलीस पाटील मऊ आवाजात म्हणाले, “साहेब, त्यो फोटो बघू की जरा. चौकशीला मदत हुईल.”

मी दिला. हो, मीच दिला. वर म्हणालो, “बघा, काही ओळखीचं दिसतंय का.”

त्यांनी मुलींकडे पाहिलंच नाही. धुराड्याकडे पाहिलं. मग फोटो परत केला, सही केली आणि लघवीला जाऊन येतो म्हणाले.

पाच मिनिटांनी मोटारसायकलचा आवाज आला. वॉर्डनबाई धावत माझ्यापाशी आल्या. “फोटो कुणाला दावला?”

मी सांगितलं.

“अय्यो, साहेब!” त्यांनी कपाळ बडवून घेतलं. “त्यो हर आठवड्याला कांदा घिऊन सोलापूरच्या बाजारात जातो. त्या धुराड्याखालनंच. पोर तितंच हाय, गच्चीच्या खालच्या खोलीत! बारावीला हाय!”

मग सगळं दोन मिनिटांत कळलं. मामाने स्वतःच तिच्याशी लग्न करायची घाई केली. आई तक्रार कुणाकडे करणार? पोलीस पाटील तोच, आणि ठाण्याचा साहेब आला की त्याच्याच ओसरीवर बसणारा. पळालेल्या मुलीला शोधतात, मेलेल्या मुलीला कोणी शोधत नाही. म्हणून आईने स्वतःच्या हाताने लेकीच्या वेण्या कापल्या आणि रात्रभर कडबा भरला. नोंद केली नाही, कारण उद्या मुलीला दाखले लागणार होते. परदेशातली मदत आणि मुलीची पत्रं वॉर्डनबाईंच्या हातून जात-येत होती; त्या मदतीवर ती सोलापुरातल्या एका दुसऱ्या, सगळ्यांना आडनावाने हाक मारणाऱ्या वसतिगृहात राहून शिकत होती. तीन वर्षं हे गुपित टिकलं. मी ते आठ दिवसांत उकरलं, सरकारी परवानगीने.

सोलापूरच्या त्या हद्दीतल्या महिला उपनिरीक्षक माझ्या ओळखीच्या होत्या. बांधावर उभं राहून, एका कानात बोट घालून, मी फोनवर ओरडलो. त्या दोन शिपाई घेऊन पोहोचल्या. आम्ही तासाभराने पोहोचलो तेव्हा मामा फाटकात उभा होता, शिपायांना समजावत होता, “माजी भाची हाय, गावी न्यायला आलोय.” त्याला ताब्यात घेतलं.

मुलगी जिन्यात उभी होती. सतरा वर्षांची, केस मानेपर्यंत. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं.

“तुमीच का ते?” तिने विचारलं. “तीन वर्सं मेले होते, तवर बरं होतं, साहेब. आता कसं मरू?”

एवढ्या नोकरीत मला आरोपींनी शिव्या दिल्या, पुढाऱ्यांनी दम दिला. त्या प्रश्नासमोर मात्र मी टोपी काढली.

खोटा अंत्यविधी कोणत्या कलमात बसतो ते मी दोन दिवस शोधलं आणि मग शोधणं सोडलं. अहवालात लिहिलं: मुलगी जिवंत, शिकते आहे, पत्रं तिचीच, मदत योग्य ठिकाणी जात आहे. मामाचं पाटीलपद गेलं, प्रतिबंधक कारवाई झाली. पण असा माणूस जामिनावर सुटतो आणि मुलगी अठराची व्हायला सात महिने होते. तिला कुठे ठेवायचं ते बाल कल्याण समिती ठरवणार होती. आईच्या घरी, म्हणजे मामापासून चार घरांवर, की सोलापुरात.

सुनावणीच्या दिवशी नातेवाईक बाहेरच्या बोळात बसले होते, जामिनावर सुटलेला मामाही त्यांच्यात होता. मुलगी आली. एकाही माणसाने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा तिच्या पावलांवर. चुलतीने तर वाकून पाहिलं. भुताची पावलं उलटी असतात ना. मी पोलीस अधिकारी, विज्ञानाचा पदवीधर. मीही पाहिलं.

मुलगी थांबली. सावकाश चपला काढल्या आणि अनवाणी मामासमोर जाऊन उभी राहिली.

“सरळ हायत, मामा. बघा की नीट. अजून जवळ येऊ?”

तो भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला. “मेलेलं माणूस आमी घरात घेत न्हाय,” तो पुटपुटला.

आत अध्यक्षांनी विचारलं, “तुला कुठे राहायचंय?”

“जितनं कॉलेजला चालत जाता येतं तितं.”

तसाच आदेश झाला. तिच्या आईला मात्र गावात कोणी पाणी देईना. घराला कुलूप घालून तीही सोलापूरला आली, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. माझ्या खोदकामाची ही बाजू मी भाषणात सांगत नाही.

या प्रकरणाने मला एकच गोष्ट शिकवली, आणि ती प्रशिक्षणात शिकवायला हवी होती. मी आयुष्यभर गप्प बसलेल्या माणसाला गुन्हेगार समजत आलो. उरलेल्या नोकरीत मात्र एखादी बाई माझ्यासमोर गप्प राहिली, की मी डायरी मिटायचो आणि विचारायचो, “बाई, तुम्ही बोललात तर कुणाला धोका आहे?”

बहुतेक जणी या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायच्या.