गेटवरची नोंद

निघोज्यातल्या आमच्या कंपनीच्या गेटवर एक निवृत्त फौजी आहेत. रजिस्टरात लिहिल्याशिवाय ते मालकाचा डबाही आत सोडत नाहीत. झेंडावंदनाला ते छातीवर तीनच पदकं लावायचे. आणखी दोन घरी होती, पण सैन्याच्या कागदांत त्यांची नोंदच राहून गेली होती.

"मिळालीत ना? मग लावा की," मी म्हणायचो.

"नोंद न्हाई, साहेब."

सहा वर्षं ते अर्ज करत राहिले; टाईप मी करायचो. यंदा एकदाचं दुरुस्तीचं पत्र आलं.

झेंडावंदनाला त्यांनी ती दोन पदकं आणली, पण लावली नाहीत. आधी आवक रजिस्टर उघडून लिहिलं, 'पदके, नग दोन'.

"साहेब, मोजून सही करा."

दोनच होती, पण मोजायला मला बराच वेळ लागला.