ठमीच्या दाराची कुलपं

माझी आत्या चाव्या बनवते. बाई आणि चाव्या बनवते, म्हणून नवीन गिऱ्हाईक आधी तिच्या खांद्यावरून आत डोकावतं, खरा कारागीर कुठे बसलाय ते बघायला. तोवर आत्या कानस फिरवून चावी त्याच्या हातात ठेवते. "लावून बघा, मग बोला," म्हणते.

तिच्या हातात कला आहे आणि डोक्यात कुलूप. म्हणजे जगातल्या कुठल्याही संकटावर तिच्याकडे औषध एकच. बिस्किटांच्या डब्याला कुलूप, सायकलच्या पंपाला कुलूप. मी दुकानात तिच्या मदतीला असते आणि दिवसातून एकदा तरी आमचं वाजतंच. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे. माझ्या वाट्याला तो जरा कमी आलाय, असं माझं मत. आत्याचं मत वेगळं आहे.

दुकानामागच्या अंगणात तिचे दोन ससे राहतात. एक काळी, गुबगुबीत ठमी, आणि दुसरी तिची पांढरी, बावळट बहीण चिमी. घर बदलणाऱ्या एका गिऱ्हाइकानं "चार दिवस सांभाळा" म्हणून त्यांना आणून सोडलं आणि तो जो गेला तो गेलाच. आत्यानं आधी नाक मुरडलं. मग एके दिवशी ठमी तिच्या पावलावर हनुवटी घासून गेली आणि बाईसाहेब विरघळल्या. तेव्हापासून कोवळा पाला आधी ठमीला, उरला तर आमच्या भाजीला.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या बसवाल्या काकांनी कुत्रा आणला. काका बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले, घरात करमत नव्हतं. कुत्र्याचं नाव पैलवान, आणि त्यात तसूभरही अतिशयोक्ती नव्हती. आल्या दिवशीच त्यानं कुंपणाला नाक लावून सशांचा वास घेतला. आत्या तडक कुंपणाशी गेली.

"बांधून ठेवा त्याला," ती म्हणाली.

"अहो ताई, लेकरू आहे ते. खेळायला बघतंय."

"खेळता खेळता गिळेल माझ्या ठमीला!"

त्याच संध्याकाळी आत्या कामाला लागली. पिंजऱ्याचं दार काढून तिनं जाड लाकडाचं नवं दार बसवलं. त्याला कडीकोयंडा आणि भक्कम कुलूप. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून वर आणखी एक आणि खाली आणखी एक. तिन्हींच्या चाव्या निराळ्या. "आता येऊ दे कोण येतंय ते," म्हणून तिनं हात झटकले. मीही कौतुकानं मान डोलावली. आम्ही दोघी शहाण्या! पिंजऱ्याला खालून तळच नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. सशांना मातीवर बागडता यावं म्हणून तो आम्हीच उघडा ठेवला होता.

एका दुपारी काकांचं फाटक उघडं राहिलं. पैलवान थेट आमच्या अंगणात आला. दाराकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या बाजूला जाऊन भसाभसा माती उकरली आणि जाळीखालून डोकं आत घातलं.

आत्या जुडगा घेऊन धावली. घाईत वरची चावी खालच्या कुलपात आणि खालची मधल्यात. लोकांची अडकलेली दारं चुटकीसरशी उघडणारी बाई, आणि तिला स्वतःचंच कुलूप उघडेना. मी झाडूनं कुत्र्याचं बूड बडवत होते. त्याला तो खेळ वाटला असावा, कारण शेपूट हलत होतं. शेवटी काका कुंपण ओलांडून आले, मातीत पालथे पडले आणि मागचे पाय धरून त्यांनी पैलवानाला बाहेर ओढलं.

सशांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. चिमी थोड्या वेळानं गवत चघळायला लागली. ठमी मात्र झोपायच्या खोक्यात शिरली आणि कोपऱ्यात तोंड खुपसून बसली. गवताला तोंड लावेना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर त्यांनी औषध पाजलं आणि बजावलं, "ससा नुसत्या भीतीनंही दगावतो. उपाशी राहू देऊ नका."

आत्यानं दुकान बंद केलं आणि पिंजऱ्याजवळ बसून राहिली. "मीच कोंडलं गं तिला," ती म्हणाली. "तो आत घुसला असता तर मला दारसुद्धा उघडता आलं नसतं." एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी मलाच रडू येत होतं.

संध्याकाळी ठमीनं आत्याच्या हातून गाजराचा पाला खाल्ला. पण खोक्याबाहेर काही ती येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जाड जाळीचं भेंडोळं घेऊन हजर. "ताई, दार राहू द्या. आपण खालचं बघू." मग दोघांनी मिळून पिंजऱ्याच्या चारी बाजूंनी जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरली, तारेनं पिंजऱ्याच्या उभ्या जाळीला शिवली आणि वर फरश्या ठेवल्या. कुत्रा उकरतो ते पिंजऱ्याला खेटून, म्हणजे पंजे जाळीवरच पडणार. काकांनी आपलं फाटक आपोआप मिटावं म्हणून त्याला स्प्रिंग बसवली. आणि आत्यानं, माझ्या आत्यानं, आपल्या हातानं तिन्ही कुलपं काढून साधी खिट्टी लावली. मी तोंडात बोटं घातली.

पैलवानानं त्यानंतर एकदा काकांच्या पायांतून निसटून येऊन डाव टाकून पाहिला. जाळीवर नखं घासली, कंटाळला आणि आपल्या अंगणात जाऊन बसला. पण ठमी खोक्यातच. खायची, प्यायची आणि आत पळायची. आत्या रोज तिच्याशी गप्पा मारायची, आणि तिचा आवाज दिवसेंदिवस उतरत चालला होता.

मग एका सकाळी मी दुकानात चावी कापत होते, तर मागून किंकाळी आली. "गेली! माझी ठमी गेली!"

मी धावले. काकाही तोंडातला घास तसाच घेऊन आले. ठमी पिंजऱ्याच्या मधोमध, उघड्यावर, एका कुशीवर कलंडलेली होती. पाय ताणलेले, डोळे अर्धवट मिटलेले. कुंपणापलीकडे पैलवान जीभ काढून बसलेला. आत्यानं आत हात घालून तिच्या पोटाला बोट लावलं.

ठमीनं एक डोळा उघडला. कोण मेलं उठवतंय, अशा नजरेनं आत्याकडे पाहिलं, पाय आणखी लांब केले आणि डोळा मिटला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या हसायलाच लागल्या. "अहो, पूर्ण निर्धास्त झाल्याशिवाय ससा असा आडवा पडत नाही."

मी ते आत्याला सांगितलं. ती तिथेच मातीत बसली आणि खुशाल, हुंदके देऊन रडली. काकांनी कसाबसा घास गिळला आणि विचारलं, "अहो, पण झालंय काय तिला?"

आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला. झोपलीय ती."