निवडून खुडलेली पानं

धाकट्या दिरांचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या घरी कणीक मळत होते. "वहिनी, सुमन गेली," एवढंच बोलले. सुमन, माझी धाकटी जाऊ. आज दीड महिना झाला, पण मन काही थाऱ्यावर नाही...

शाळा सातवीपर्यंत, पण द्राक्षाचं पान वाचावं तर तिनंच. दिंडोरीच्या मळ्यात आम्ही एकत्र होतो तेव्हा दीर बागेतूनच हाक मारायचे, "सुमन, बघ गं हे!" ती पान उन्हाला धरायची. "नवं पान बारीक राहिलंय, शिरांच्या मधी पिवळं पडलंय. झिंक कमी हाय." मग माझ्याकडे वळून हळूच, "ताई, यांना शर्टाचं बटण सापडत नाय, झिंक काय दिसणार!"

एका उन्हाळ्यात, वेली मागे छाटून नवी फूट घेतात त्या खरड छाटणीनंतर, वेलींना काय कमी आहे ते कळायला पानांचे देठ लॅबमध्ये तपासायला पाठवायचे होते. सुमन तापानं फणफणलेली. अंथरुणातूनच म्हणाली, "समोर येईल त्या झाडाचं घ्या ताई, निवडू नका." मी गेले खरी, पण हात पिवळ्या पानाकडे जाईचना. आपल्या घरचं रोगट असं परक्याकडे कसं पाठवायचं? पाहुण्याला आपण करपलेली पोळी वाढतो का? टवटवीत पानं तेवढी खुडली, त्यांचे देठ दिले.

रिपोर्ट आला, काहीच कमी नाही! सुमनला पटेना. पण देठ ताईंनी काढलेत म्हटल्यावर तिनं मान डोलावली. "मग औंदा झिंक-बोरॉनची फवारणी नको." हंगामात घड विरळ, मणी कुठे बोराएवढे, कुठे ज्वारीएवढे. दीर मजुरांदेखत तिला म्हणाले, "बस झालं तुझं पानांचं शास्त्र!" तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासत राहिले...

पुढे आम्ही शहरात आलो. दर भेटीला वाटायचं, आज सांगते. ते राहिलंच. आज चारचौघांत लिहितेय, कारण तिचा अपमान चारचौघांतच झाला होता.

तेराव्याला मळ्यात दिरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या दिवसापासून मी तिला एकही पान दाखवलं नाही, वहिनी." उठून बागेत गेले. एक पान तोडून उन्हाला धरलं, घराकडे वळून तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं.