माझ्या उसाला फॉर्मात जागा न्हाय?

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय.

मी शाळेत शिकवते. आज इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला राजारामपुरीत एकाकडं गेलते. त्यानं पगाराचा कागद बघितला आणि सरळ आयटीआर वन उघडला.

म्हटलं, "थांबा. हातकणंगल्याला माझा ऊस हाय. शेतीचं उत्पन्न पाच हजाराच्या वर गेलं की हा फॉर्म चालत न्हाय. आयटीआर टू काढा."

"अवो मॅडम, शेतीला टॅक्स न्हाय, दाखवायचं कशाला? आणि ऊस साहेबांचा असंल की!"

साहेब म्हणजे माझा नवरा. त्याच्या नावावर फक्त एक मोटारसायकल हाय!

वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं, मी सही केली न्हाय. दोन वर्षं माहेर तुटलं, तवा कुठं सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. आणि हा पावणा ती जमीन एका फॉर्मात पुसून टाकणार?

कागद उचलले आणि घरी येऊन आयटीआर टू स्वतः भरला. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी एवढं?"

व्हय, एवढ्यासाठीच!

तुमचा फॉर्म कोण भरतंय? आज उघडून बघा. तुमची जमीन हाय का त्यात? का सही न करताच तुमचं हक्कसोड झालंय?