धोंडू मास्तरांचा दुखवटा

"हे काय लिहून आणलंत?" कारभारी साहेबांनी माझा ड्राफ्ट टेबलावरून परत ढकलला. "मास्तर चिखलात उतरतो, पोरांबरोबर हुतूतू खेळतो! हा दुखवट्याचा ठराव आहे की बाजारातल्या गप्पा?"

मी तेव्हा जव्हार संस्थानच्या शाळाखात्यात अव्वल कारकून होतो. अव्वल कारकून म्हणजे साहेब बोलतील ते शुद्ध मराठीत लिहिणारा आणि चूक निघाली की ती स्वतःच्या नावावर घेणारा माणूस.

मोखाड्याचे धोंडू मास्तर पावसाळ्यात हिवतापाने वारले. ऑफिसात कोणी हळहळले नाही. एक जागा रिकामी झाल्याची नोंद केली, संपले. पण तीन आठवड्यांनी एजन्सीचा गोरा इन्स्पेक्टर फिरतीवर मोखाड्याला गेला. एजन्सी म्हणजे संस्थानांवर नजर ठेवणारे इंग्रजांचे ऑफिस. तिथे वारल्या-ठाकरांच्या पोरांनी त्याला धडाधड तोंडी गणिते सोडवून दाखवली. गोरा खूश. या मास्तराला बोलवा म्हणाला. मास्तर मेला हे कळल्यावर त्याने शोकसभेला स्वतः येतो असे कळवले. मग काय! ज्या ऑफिसाला मास्तरांचे आडनाव आठवत नव्हते, तिथला प्रत्येक जण दोन दिवसांत त्यांचा परममित्र झाला. कोणी त्यांच्याबरोबर जेवला होता, कोणी त्यांना घडवले होते.

जीवनवृत्त लिहायचे काम माझ्याकडे आले. म्हणून मी तट्टावर बसून मोखाड्याला जाऊन आलो. शाळेच्या ओट्यावर देवजी नावाचा वारली शेतकरी भेटला. त्याचे दोन्ही मुलगे मास्तरांकडे शिकलेले.

"मास्तर कसे होते?" मी विचारले.

"आपला होता," देवजी म्हणाला. "आवणीला पोरां शाळेत नाय जायची. मंग मास्तरच शेतावं यायचा. धोतर खोचून चिखलात उतरायचा. म्हणायचा, देवजी, दोपारपर्यंत मी तुझा भात लावतो, दोपारनंतर पोरां माझी."

"आणि खेळाचं काय?"

"खळ्यात राखेच्या रेघा मारायचा. दम धरताना हुतूतू नाय म्हणू द्यायचा. पाढा म्हण सांगायचा. पाढा चुकला का गडी बाद."

हे शेवटचे मी डोळ्यांनी पाहिले होते. एका दसऱ्याला मास्तर आपला संघ घेऊन मोखाड्याहून जव्हारला चालत आले. समोर अंमलदारांची मुले, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यांत. मोखाड्याचा पहिला गडी सतराचा पाढा म्हणत आत शिरला. मंडळी पोट धरधरून हसली. पाढा संपवून तो परतला तेव्हा चार जण बाद झाले होते आणि हसणे थांबले होते. अर्ध्या तासात अंमलदारांच्या मुलांनी सगळी माती सदऱ्यांवर घेतली. मास्तर मात्र ओरडले नाहीत की नाचले नाहीत. हरलेल्या मुलांपैकी एकाचा गुडघा फुटला होता, त्यावर ते पाण्याची पट्टी बांधत बसले.

हे सगळे मी ड्राफ्टमध्ये लिहिले होते. तोच साहेबांनी ढकलला.

"मग काय लिहू?" मी विचारले.

"दफ्तरात असेल तेवढंच. ऐकीव काही नको. आणि सभेत वाचायचंही तुम्हीच."

मी मास्तरांची फाईल काढली. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांच्याविषयी एक चांगला शब्द त्या फाईलीत नव्हता. दसऱ्याचा सामना जिंकल्याबद्दल मेमो होता : परवानगीवाचून मुख्यालय सोडले, व खेळात पाढे म्हणून विद्येचा अवमान केला. सर्व जातींची मुले एका मल्लखांबावर चढवली म्हणून ताकीद होती. शेतात काम करून शिक्षकाच्या हुद्द्यास कमीपणा आणला म्हणून दुसरी. शेवटचा कागद रजेचा अर्ज. अक्षर थरथरलेले. "ताप उतरत नाही. जव्हारच्या दवाखान्यात येण्यास आठ दिवसांची रजा मिळावी." त्याच्या कडेला शेरा, म्हणजे वरिष्ठाचा निकाल : "बदली माणूस नाही. नामंजूर."

सह्या साहेबांच्या. अक्षर माझे. शेऱ्याचे अक्षर तर फारच वळणदार आले होते. मला त्याची किळस आली. तो अर्ज माझ्या हातून गेला होता आणि तो कोणाचा होता, हेही मला आठवत नव्हते.

मी नवा ड्राफ्ट केला. साहेब आपले भाषण पाठ करण्यात गुंग होते.

"दफ्तरातूनच घेतलंत ना?"

"शब्द न् शब्द, साहेब."

"मग ठीक." त्यांनी न वाचताच सही ठोकली.

सभेला पुढे खुर्च्यांवर अंमलदार, मध्ये गोरा इन्स्पेक्टर, मागे जमिनीवर मोखाड्याची माणसे. साहेबांनी मास्तरांना संस्थानचे रत्न म्हटले. आणखी दोघांनी डोळे पुसले. मग मी उभा राहिलो. मी मेमो वाचले, ताकिदी वाचल्या, रजेचा अर्ज वाचला, शेराही वाचला.

साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. पण आमचा दुभाषा हुशार. तो इन्स्पेक्टरच्या कानात प्रत्येक मेमोचे कौतुक करून सांगत होता. मी थांबलो तेव्हा गोऱ्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या खुर्च्यांनी वाजवल्या. मास्तरांची रजा नाकारल्याबद्दल एवढ्या टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

मागे मात्र कोणी टाळी वाजवली नाही. देवजी उठून उभा राहिला.

"रावसाहेब, मास्तरला रजा कोणी नाय दिली?"

दुभाष्याने इन्स्पेक्टरपुढे पानाचे तबक सरकवले.

"सही कारभारी साहेबांची आहे," मी म्हणालो. "लिहिलं मी."

देवजीने माझ्याकडे नीट पाहिले. शिवी दिली असती तर बरे वाटले असते. तो बाहेर गेला. त्याच्यामागे मोखाड्याची सगळी माणसे उठून गेली. इन्स्पेक्टरने विचारले, ही माणसे का चालली? दुभाष्याने सांगितले, फार लांब जायचे आहे.

आठवड्याच्या आत माझी बदली जंगलखात्याच्या लाकूड डेपोत झाली. सागाच्या ओंडक्यांवर नंबर घालायचे काम. साहेबांना पुढच्या वर्षी शिक्षणप्रसाराबद्दल एजन्सीकडून प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्यांनी काचेत बसवले. मोखाड्याला आलेल्या नव्या मास्तराने पहिल्याच महिन्यात आजारपणाची रजा मागितली, ती त्याच दिवशी मंजूर झाली. तो ठणठणीत होता म्हणे.

नव्या कारकुनांना मी एवढेच सांगतो : कागदावर लिहिण्याआधी तो एकदा वाचावा. मी बावीस वर्षे नुसता लिहीत होतो.