बाजूनं येणारी गाडी

"थांब बाप्पा, आधी पान पाहू दे."

नवा गेम लागला की भाऊंचं हे पहिलं वाक्य. पडद्यावर शत्रू चालून यायचे आणि भाऊ आपल्या वीराला खुशाल एखाद्या झुडपापाशी नेऊन उभं करायचे. मग टीव्हीला नाक लागेल इतके पुढे वाकायचे. "पानाले शिरा पायजे. शिरा नाई त कायचं ग्राफिक?" तोवर वीर मेलेला असायचा.

अमरावतीत राजापेठेच्या अलीकडे त्यांचं गेमचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं. घरचे सगळे मळ्यात मेथी-पालक पिकवणारे. हा एकच माणूस पडद्याच्या नादी लागला, पण नजर भाजीवाल्याचीच राहिली. गेममधल्या बाजारातल्या टमाट्यांची चमक खोटी आहे, असं ते सांगायचे आणि आम्ही मान डोलवायचो. तुमच्याही ओळखीत असा कुणीतरी असेल. मी म्हणेन ती पूर्वदिशा, आणि तरी सगळ्यांचा लाडका.

ठोकळ्यांची माणसं जाऊन घाम येणारी माणसं पडद्यावर आली, ते दिवस भाऊंनी पाहिले होते. आणखी दहा वर्षांत टीव्ही आणि खिडकी यांत फरक उरणार नाही, असं ते छातीठोक सांगत. दहा वर्षं झाली. नवं मशीन आलं, त्याला झेंडूचा हार घातला गेला आणि दोन दिवस खेळून भाऊंनी निकाल दिला.

"काईच सुधरलं नाई. लोकायले येडं बनवून राहिले. हे पाय, बाजूची गाडी येताना दिसतच नाई, एकदम अंगावर उगवते. मशीनले काढाले टाइम लागून राहिला."

बोलणं पटण्यासारखं होतं. जुन्या मशीनवर झाडं, भिंती अशाच अचानक उगवायच्या. शिवाय ग्राफिकची प्रगती थांबली, अशी ओरड पोरांच्या मोबाइलवर रोजच चालू होती. त्यामुळे भाऊंचं म्हणणं कुणालाच वेगळं वाटलं नाही.

मला मात्र ती गाडी दिसायची. लाल गाडी डावीकडून निवांत यायची, सगळा वेळ पडद्यावर असायची. तरी मी म्हणायचो, "हो ना भाऊ, खरंच." चहा त्यांचा असायचा, आणि त्यांच्याशी वाद घालून कोण जिंकलं होतं?

दोन वर्षं हे चाललं. भाऊंनी केबल बदलली, टीव्ही बदलला, खुर्ची आणखी पुढे ओढली. डावीकडून गेलं की भाऊ हमखास हरतात, हे पोरांनी हेरलं होतं. पोरं हसायची. मीही हसलो आहे, हे लिहिताना लाज वाटते.

मग एका सकाळी मळ्यातून येताना त्यांच्या मोपेडची धडक एका भाजीवाल्या म्हातारीला बसली. तिचा पाय मोडला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा भाऊ बाकावर बसून होते. शर्टाला चिखल लागला होता.

"आजी नव्हतीच रे तिथं. कसम सांगतो. एकदम उगवली."

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकत आलो होतो.

त्यांची बहीण अकोल्याला असते. मी तिला त्या गाडीचं सांगितलं, तेव्हा तिने त्यांना डोळ्यांच्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं, मी सोबत होतो. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून त्यांच्या हातात बटण दिलं. दिवा चमकला की दाबायचं. भाऊ सरसावून बसले. बराच वेळ बटण वाजलंच नाही.

"मॅडम, सुरू करा ना."

"सुरूच आहे, काका," तपासणारी मुलगी हळूच म्हणाली.

काचबिंदू. कडेची नजर आधी जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली परत येत नाही. दोन वर्षं आधी आले असते तर बरीच वाचली असती.

थेंब चालू राहिले, तरी उरलेली नजरही वर्षभरात जवळजवळ गेली. दुकानाला कुलूप लागलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

परवा मळ्यात गेलो. भाऊ बांधावर बसून चाचपत मेथीच्या जुड्या बांधत होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मान माझ्या आवाजाकडे वळवून त्यांनी विचारलं,

"खरं सांग. ते बाजूची गाडी तुले दिसे काय?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण दोन वर्षं बोललो होतो, तेवढं पुरे होतं.

"दिसे, भाऊ. लांबूनच दिसे."

"लाल होती?"

"लाल. काचेत झाडंही दिसत तिच्या."

भाऊंचे हात थांबले.

"म्हंजे सुधरलं होतं," ते म्हणाले.