‘मोठा’ म्हणजे कोण?

अन्नपूर्णाची कविता मी सुधारली. चंद्रपूरला एम.ए. मराठीला आम्ही एकाच बाकावर बसायचो. मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतली, शुद्ध बोलणारी, त्यामुळे वर्गात कुणी काही लिहिलं की माझ्याकडेच घेऊन यायचं. मला त्याचा माज होता, आता कबूल करायला काय जातं!

अन्नपूर्णा मूल शहरापलीकडच्या जंगलाकाठच्या गावाची. बोलायची कमी, पण डबा उघडला की आधी दुसऱ्यांना वाढायची. नावाला जागते, असं आम्ही चिडवायचो. ती आठवीत असताना तिचे वडील मोहफुलं वेचायला गेले आणि त्यांना वाघानं नेलं. आई कमळाबाईंनी धानाच्या रोवणीची मजुरी करून तिला शिकवलं. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणजे अज्ञानाची सबबही माझ्याजवळ नाही.

सरांनी एकमेकांच्या कवितांवर लेखी अभिप्राय द्यायला सांगितले. आधी चांगलं ते लिहा, मग सुधारणा सुचवा, मन दुखवू नका. तिची कविता माझ्या वाट्याला आली. तिच्यात दोन ओळी होत्या:

मोठा आला, बा गेला,
टोपलं तेवढं घरी आलं.

‘साधी, आतून आलेली भाषा’ असं आधी लिहिलं. मग अक्कल पाजळली: ‘मोठा म्हणजे कोण? वाचकाचा गोंधळ होतो. आजची कविता थेट बोलते. सरळ वाघ लिही.’ चंद्रपूर जिल्ह्यात कुणाचा गोंधळ झाला असता, देव जाणे.

“आमच्या घरी त्याचं नाव नाई घेत,” ती म्हणाली. “घेतलं तं येते म्हन्ते आई. बा गेल्यापासून तिनं एकदाई नाई घेतलं.”

“अगं, ते घरात. कविता घराबाहेर जाते.”

“तुले बरोबर वाटते ना?”

“शंभर टक्के.”

तिनं माझ्याच पेनानं तो शब्द खोडला.

स्नेहसंमेलनाला कमळाबाई पहाटेची एसटी धरून आल्या, लेकीची कविता पहिल्यांदाच ऐकायला. अन्नपूर्णानं ती ओळ वाचली. वाघ आला, बा गेला. टाळ्या पडल्या, सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि मी, सांगायला लाज वाटते, खूश झाले. वळून पाहिलं तर कमळाबाई उठल्या होत्या. दोन्ही कानांवर पदर दाबून त्या दाराकडे निघाल्या. अन्नपूर्णा कविता अर्धी टाकून धावली. मागोमाग मी.

पायऱ्यांवर कमळाबाई थांबल्या. “काऊन घेतलं नाव, पोरी? मले उद्या सरपनाले त्याच जंगलात जा लागते. कोनं शिकवलं तुले?”

अन्नपूर्णानं माझ्याकडे पाहिलं. मी दोन पायऱ्या वर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, तेही अगदी शुद्ध मराठीत बोलता आलं असतं. तिनं नजर काढून घेतली.

“कोनीच नाई, आई. मीच लिवलं.”

कमळाबाईंनी लेकीचा हात झटकला आणि एकट्याच फाटकाकडे चालू लागल्या. अन्नपूर्णा तिथंच पायरीवर बसली. तिच्याशेजारी बसायचं सोडून मी म्हणाले, “माझी बस आहे गं.”

बसला अजून तासभर अवकाश होता.